अकरा पुस्तकांचे दाजी

सुरुवातीलाच माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. हारात कुठलं फूल कुठं घालायचं ते हाताला आपोआप कळतं, पण वेलांटी कुठं पहिली आणि कुठं दुसरी ते अजून कळत नाही. ही वही माझी मीच वाचणार आहे. तरी माफी मागितलेली बरी, कारण ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे ते नेहमी म्हणायचे, "लिखाण म्हणजे माणसाचा कपडा असतो, सुमन." त्यांच्या स्वतःच्या सदऱ्याला मी कधी सगळी बटणं पाहिली नाहीत.

लिहायचं कारण म्हणजे गेल्या आठवड्यात गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या घाटावर, दाजींचा दशक्रिया विधी झाला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे मालक. आपल्याकडं दहाव्याला भाषणं होतात हे सगळ्यांना माहीत आहे. माणूस जिवंतपणी कसा का असेना, दहाव्याला तो थोरच असतो. एका नगरसेवकानं आधी शेजाऱ्याला दाजींचं नाव विचारून घेतलं आणि मग माईक धरून सांगितलं, की उद्योजक घडवणारा दीपस्तंभ हरपला. दाजींच्या जुन्या कारखान्यातले एक जण म्हणाले, की एवढा ग्रंथ वाचलेला माणूस नाशकात दुसरा नव्हता. बाया डोळ्याला पदर लावत होत्या. मीही लावला, पण तो तोंडाला. चार माणसांत मला बोलता येत नाही, लहानपणापासून नाही. बोलता आलं असतं तर उठून विचारलं असतं, की दीपस्तंभानं घडवलेला एक तरी उद्योजक इथं आला असेल तर हात वर करा.

दाजींची ओळख म्हणजे ती यादी. खिशात पेन नसेल, रुमाल नसेल, पण यादी असायचीच. झेरॉक्स काढून चार घड्या घातलेला कागद. वर ठळक अक्षरात 'धंदा सुरू करण्यापूर्वी' आणि खाली अकरा पुस्तकांची नावं, ओळीनं. कुणी दाजींसमोर नुसतं म्हणावं, की नोकरीत काही राहिलं नाही, काहीतरी आपलं स्वतःचं करावं. की दाजींचा हात खिशात गेलाच. केस कापता कापता न्हावी म्हणाला, आणखी एक खुर्ची टाकायचा विचार आहे. त्याला यादी. दूधवाला म्हणाला, दोन म्हशी वाढवतो. त्याला यादी. आक्काच्या नणंदेच्या लग्नात आचाऱ्याला यादी दिली आणि तो तिकडं वाचत बसला म्हणून इकडं जिलबीचा पाक पुढं गेला. "आधी वाचा, मग या," एवढं बोलून दाजी मान वळवायचे, जसं काही पुढं फार मोठी रांग उभी आहे.

ते सातपूरला एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. नटबोल्ट मोजून द्यायचे आणि घ्यायचे. नव्वदीच्या मध्यावर कारखान्यानं माणसं कमी करायला काढली आणि पैसे देऊन घरी बसवायची योजना आणली. तेव्हा पहिली सही दाजींनी केली. बाकीचे रडत सही करत होते, हे हसत. मिळालेल्या पैशातून त्यांनी गंगापूर रोडला एका मेडिकलच्या वर खोली भाड्यानं घेतली, बाहेर 'उद्योग सल्ला व मार्गदर्शन केंद्र' असा पितळी अक्षरांचा बोर्ड लावला आणि गोल फिरणारी खुर्ची आणली. आक्का बिचारी म्हणाली होती, "अहो, मला पिठाची गिरणी टाकून द्या, मी चालवते." त्यावर दाजी म्हणाले, "गिरणी कुणीही टाकेल. गिरणी टाकणाऱ्याला अक्कल कोण देणार?"

मी एकदा आक्काबरोबर ते ऑफिस बघायला गेले होते. खोलीत एक टेबल, फिरती खुर्ची, काचेचं कपाट आणि कपाटात ती अकरा पुस्तकं. कुठल्याशा प्रदर्शनात संच घेतलेला. दाजी खुर्चीत बसून अर्धा गोल इकडं, अर्धा गोल तिकडं फिरत होते. पहिली भेट फुकट आणि दुसऱ्या भेटीपासून फी, असा त्यांचा नियम होता. आणि पहिल्या भेटीत यादी देऊन सांगायचे, की अकरा पुस्तकं वाचल्याशिवाय दुसऱ्या भेटीला यायचं नाही. आता मला सांगा, दुसऱ्या भेटीला कोण येणार? चार वर्षं ते केंद्र चाललं आणि चार वर्षांत फी दिलेलं माणूस एकच. तो जिना चुकून वर आला होता, त्याला शेजारचा दातांचा डॉक्टर हवा होता. दाजींनी त्यालाही सल्ला दिला, आणि दाढ इतकी ठणकत होती, की त्यानं सुटका व्हावी म्हणून पन्नास रुपये ठेवले. ही गोष्ट दाजी स्वतः सांगायचे, आणि अभिमानानं.

"पाया!" हा त्यांचा लाडका शब्द. टेबलावर बोट आपटून म्हणायचे, "पाया पक्का पाहिजे, सुमन. वाचन म्हणजे पाया." जन्मात या माणसानं कोथिंबिरीची एक जुडी विकली नव्हती. भाजीबाजारात आक्कानं पाठवलं तर पहिला भाव सांगितला त्याला घेऊन यायचे आणि वर भाजीवाल्याला गिऱ्हाइकाशी कसं बोलावं ते शिकवून यायचे. वाचताना लाल पेन्सिल हातात. ओळींखाली पट्टीनं रेघा मारायचे, वाकडी रेघ खपायची नाही. त्या रेघा बघून माणूस गार व्हायचा. वाटायचं, केवढं वाचलंय. मलाही तसंच वाटलं, हा माझा मूर्खपणा.

आमचं घर मखमलाबादच्या मळ्यात. भाजीपाला आणि फुलं हाच आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. मेथी-पालक माझे मालक बघायचे. बांधाकडचे आठ गुंठे सासूबाईंनी माझ्याकडं दिले होते. तिथं मी झेंडू लावायची. त्या फुलांचा पैसा माझा, असं घरात सगळ्यांनी मान्य केलं होतं. मला द्वारकेला, म्हणजे नाशकातल्या द्वारका चौकात, एक टपरी घ्यायची होती. सहा बाय चारची, पत्र्याची, हार-गजऱ्यांची. तिथून चारी बाजूंना गाड्या सुटतात. प्रत्येक ड्रायव्हर सकाळी गाडीला हार घालतोच. ओळखीच्या एका म्हाताऱ्याची टपरी रिकामी होणार होती आणि तो दिवाळीपर्यंत नऊ हजार अनामत मागत होता. दसऱ्याचा झेंडू निघाला की तेवढे पैसे नक्की सुटणार होते. मी कुणाशी बोलले नव्हते, फक्त मालकांशी. मालकांनी दाजींना सांगितलं. साडूला एवढं सांगायलाच हवं, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्याच दिवशी दाजी मळ्यात हजर. बुटाला चिखल लागू नये म्हणून बांधावरून एकेका पावलाचा अंदाज घेत येत होते. आले आणि खिशात हात घातला.

सासूबाई म्हणाल्या, "आवो पाव्हणं, तिला कशाला देता कागूद? चौथी शिकलीया ती. फुलं ववायला बुकं लागत्यात व्हय?"

दाजी म्हणाले, "चौथी पास म्हणजे वाचता येतं ना? वाचता येतं म्हणजे झालं. बाकी डिग्र्या सगळा दिखावा."

खोटं का बोलू, ते वाक्य मला आवडलं होतं. माझ्या शिक्षणाबद्दल कुणी चांगलं बोललेलं तेवढंच. दाजींबद्दल चांगलं लिहायचं ते इथं लिहून संपवते. आणखी एक आहे, पण ते शेवटी येईल.

मी खरंच वाचायला लागले. दाजी एकेक पुस्तक आणून द्यायचे. दुपारी झेंडूला पाणी सोडलं की एक सरी भरेपर्यंत अर्धं पान व्हायचं. एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचायची. पहिलं पुस्तक स्वतःवर विश्वास ठेवण्याबद्दल होतं. ते वाचून माझा होता तोही कमी झाला. दुसरं जमाखर्चाचं होतं, ते बरं होतं. तिसरं कर्ज आणि व्याजाचं. चौथं गिऱ्हाइकाशी बोलण्याचं. पाचवं माल कधी विकावा आणि कधी धरून ठेवावा याचं. ते पाचवं माझ्या हातात यायला उशीर झाला, कारण दाजी स्वतः ते 'पुन्हा एकदा' वाचत होते.

दसऱ्याला पंधरा दिवस असताना दाजी ते पाचवं पुस्तक काखेत घेऊन आले. झेंडू असा फुलला होता, की बांधावरून बघितलं तर डोळे दिपत. दाजींनी चष्मा लावला आणि उभ्यानं वाचून दाखवलं, "बाजारात माल कमी असताना जो विकतो तोच खरा व्यापारी. भाव चढेपर्यंत माल धरून ठेवण्याचं धैर्य हवं." मग पुस्तक मिटून म्हणाले, "कांदेवाले काय करतात? चाळीत कांदा भरतात, भाव आला की काढतात. आपण फुलाची चाळ करू."

मालक म्हणाले, "फुलाची चाळ? ती कशी, साडूभाऊ?"

"दिंडोरीला माझ्या ओळखीचं द्राक्षाचं कोल्ड स्टोरेज आहे. आता द्राक्षाचा सीझन नाही, रिकामंच पडलंय. आठ दिवस आधी सगळा झेंडू तोडायचा, कॅरेटात भरायचा, पाणी मारून आत ठेवायचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी काढायचा. सगळे शेतकरी दोन दिवस आधी तोडत बसतील, त्यांना मजूर मिळणार नाहीत. आपला माल तयार! दुप्पट भाव घेऊ."

सासूबाई म्हणाल्या, "फूल म्हंजी काय कांदा हाय का? तोडलं की ते मरायला लागतं."

दाजी हसले. "मावशी, हे विज्ञान आहे."

आता माझं सांगते. मला माहीत होतं. झेंडूला पाणी मारून दाबून ठेवला, की दुसऱ्या दिवशी देठाकडून काळा पडतो, हे मला दहाव्या वर्षापासून माहीत होतं. ओल्या गोणपाटात एक दिवस ठेवायचा आणि तोही पसरून, एवढंच त्याचं आयुष्य. पण मी बोलले नाही. पुस्तकात छापलेलं, त्याच्या खाली लाल रेघ, आणि ती पट्टीनं मारलेली. मी दाजींच्या बुटांकडं बघत उभी राहिले. त्यांनी मला विचारलंही नाही. मालक माझ्याकडं बघून म्हणाले, "तुझी फुलं हायेत, तू बोल." मी म्हटलं, "दाजी म्हणतात तसं." माझ्या तोंडातून एवढंच निघालं आणि त्याची किंमत नऊ हजार होती.

दाजी टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून दिंडोरीला गेले. जाताना मला म्हणाले, "काळजी करू नको. नुकसान झालं तर पै न्‌ पै मी भरीन. सल्लागार जबाबदारी घेतो, तेच तर त्याचं काम." हे त्यांना कुणी म्हणायला सांगितलं नव्हतं. बोर्डावरच्या पितळी अक्षरांसारखंच ते त्यांना शोभून दिसतं म्हणून म्हणाले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही कॅरेट उघडले. वरचा थर ठीक होता. दाजी म्हणाले, "बघा!" मी हात आत घातला. आतली फुलं कोमट लागत होती. थंडीतून आणलेली, पण आतून उबलेली. बोटं काळी होऊन बाहेर आली आणि असा वास आला, की टेम्पोवाला चार पावलं मागं सरला. एक कॅरेट, दुसरं, पाचवं. सगळीकडं तेच. दाजी प्रत्येक कॅरेटात फक्त वरून बघायचे आणि म्हणायचे, "हे बरं आहे. हे बरं आहे." मालकांनी एकेक कॅरेट उचलून उकिरड्यावर पालथं केलं. तेव्हा रस्त्यानं शेजारच्या मळ्यातला झेंडू ट्रॅक्टरमध्ये भरून चालला होता, ताजा तोडलेला, पिवळाजर्द. त्यांनाही आठच गुंठे होते. त्यांना नऊ हजार तीनशे मिळाले, हे मला दुपारीच कळलं. अशी बातमी कुणी ना कुणी आणून देतंच.

टपरी दुसऱ्याला गेली.

दाजींचं म्हणणं, चूक कोल्ड स्टोरेजवाल्याची. मग म्हणाले, चूक कॅरेटची. मग म्हणाले, झेंडूच्या बियाण्याची. जाताना पाचवं पुस्तक मात्र ओट्यावर विसरून गेले. मी ते दोन दिवस हातात घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी वाचायला बसले, कारण मला बघायचंच होतं, की असं कुठं लिहिलंय.

त्या पुस्तकांची काही पानं छापखान्यातून आली तशी जोडलेलीच होती. वरून आणि बाजूनं बंद, खालून तेवढी उघडी, पाकिटासारखी. ती कापून उघडावी लागत. आधीच्या चार पुस्तकांतही तशी पानं होती. मी ती विळीनं कापून वाचली होती आणि मला वाटलं होतं, की दाजींकडं आणखी एक संच असेल. पाचव्या पुस्तकात लाल रेघा एकतिसाव्या पानापर्यंत होत्या. भाव चढेपर्यंत माल धरून ठेवण्याचं धैर्य, ते एकतिसाव्या पानाच्या तळाशी. बत्तीस-तेहतीस जोडलेलं. मी विळी घेतली आणि कापलं. बत्तिसाव्या पानाची पहिलीच ओळ अशी होती: 'मात्र भाजी, फळे, फुले अशा नाशवंत मालास वरील नियम मुळीच लावू नये.'

मी ती ओळ तीन वेळा वाचली. बोट ठेवून.

पुढच्या रविवारी दाजी पुस्तक न्यायला आले. मी पान उघडून त्यांच्यापुढं धरलं आणि त्या ओळीखाली बोट ठेवलं. माझ्या नखात अजून काळं होतं. दाजींनी चष्मा लावला. वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा वाचलं.

"ही नवीन आवृत्ती असेल," ते म्हणाले.

पुस्तक त्यांचंच होतं. लाल रेघा त्यांच्याच होत्या.  मग त्यांनी पानाच्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. विळीनं कापलेली कड खरखरीत असते.

"तू पानं कापलीस?"

मी मान हलवली.

"सगळी?"

"हो. आधीच्या चारांची पण."

एवढा वेळ गप्प बसलेले दाजी मी पहिल्यांदाच पाहिले. घोटभर चहा प्यायले आणि उठले. बांधावरून जाताना या वेळी चिखल चुकवला नाही, सरळ त्यातून गेले. त्या दिवसापासून मला त्यांची किंमत कळली. आधी मला त्यांची भीती वाटायची, ती गेली आणि तिच्या जागी तिरस्कार आला. खोटं बोलणारा माणूस मी समजू शकते. पण एकतीस पानं वाचून अकरा पुस्तकांचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर देणारा माणूस?

केंद्र बंद पडलं. फिरती खुर्ची खालच्या मेडिकलवाल्यानं भाड्यात घेतली. दाजी पंचवटीत एका खत-औषधांच्या दुकानात बिलं लिहायला लागले. आक्कानं घरी शेवया-कुरडया करायला सुरुवात केली, त्यावर घर चाललं. तिनं एकही पुस्तक वाचलं नव्हतं.

मी द्वारकेला गोणपाट टाकून बसले. टपरी नाही, छप्पर नाही. ऊन आलं की मी सरकायची. भाव सांगतानाही माझा आवाज फुटायचा नाही. मग मी हारांना चिठ्ठ्या लावल्या आणि त्यांवर भाव लिहिला. लहान हार इतके, मोठा इतके. बोलायचं कामच नाही. ड्रायव्हर लोकांना ते आवडलं. म्हणायचे, "मावशी घासाघीस करत नाही, कागद बोलतो." चौथ्या पुस्तकात ही युक्ती होती, छप्पन्नाव्या पानावर. म्हणजे दाजींना ठाऊक नसलेली.

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दाजी यायचे. सायकल दुभाजकाला टेकवायचे, त्या नऊ हजारांपोटी शंभराची नोट काढायचे, कधी दोन, कधी फक्त पन्नास, आणि म्हणायचे, "वहीत लिही." मी लिहायची. नंतर त्यांनी मुकाट निघून जावं की नाही? नाही. उभे राहून मला सल्ला द्यायचे. बोर्ड लाव. फुलांची मांडणी रंगाप्रमाणे कर. आणि माझ्या गिऱ्हाइकांना याद्या वाटायचे! एकदा एका ट्रकवाल्यानं यादी वाचली आणि विचारलं, "काका, तुमी वाचली का समदी?" दाजी म्हणाले, "माझी गोष्ट वेगळी आहे." मी हाराची गाठ मारत होते. इतकी जोरात मारली, की दोरा तुटला.

सहा वर्षांत त्यांनी एक हार विकत घेतला नाही. घरच्या देवाला तगरीची फुलं वाहायचे, शेजारच्या कुंपणातली. चहा मात्र माझा प्यायचे, आणि त्यात साखर कमी आहे हेही सांगायचे.

कुंभमेळ्याच्या वर्षी माझा धंदा वाढला. हातगाडी घेतली आणि पुढं जवळच छोटी टपरीही झाली, माझ्या पैशानं. दाजी आले, चारी बाजूंनी फिरून बघितली आणि म्हणाले, "वाचनाचा परिणाम." मी मनात म्हटलं, खरंय, पण कुणाच्या वाचनाचा?  त्या दिवशी त्यांनी दीडशे दिले.

मग त्यांचं येणं कमी झालं. छातीत पाणी झालं होतं. दोन महिने आले नाहीत, तीन झाले. वहीत तेराशे बाकी होते. आक्काकडं मी तो विषय कधी काढला नाही आणि काढणारही नव्हते. एक दिवस रिक्षातून आले. अंगावर शाल, सदऱ्याची दोन बटणं गायब. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पुस्तक माझ्या पुढं ठेवलं. अकरावं. यादीतलं शेवटचं, 'सल्ला देण्याचा व्यवसाय' याबद्दलचं. दहा मी कधीच संपवली होती. अकरावं त्यांनी मला कधी दिलं नव्हतं. म्हणायचे, ते तुझ्या कामाचं नाही.

"हे तेवढं वाच," दाजी म्हणाले. "म्हणजे आपला हिशोब पुरा."

मला राग आला. तेराशे रुपयांच्या जागी एक पुस्तक! मी म्हटलं, "दाजी, मला आता वेळ नसतो." त्यांना बोललेलं माझं सगळ्यात कडक वाक्य तेच. ते हसले आणि म्हणाले, "तू वाचशील. तू पानं कापतेस." रिक्षात बसताना ड्रायव्हरला विचारत होते, की स्वतःची रिक्षा घ्यायचा विचार केलाय का. हात खिशाकडं गेलेला मी पाहिला.

पुस्तक पिशवीसकट मी टपरीत वरच्या फळीवर टाकलं. टाकलं ते पडून राहिलं. वीस-बावीस दिवसांनी आक्काचा निरोप आला.

दहाव्याला ती भाषणं ऐकली आणि घाटावरून मी घरी न जाता तशीच द्वारकेला आले. डोकं तापलं होतं. दीपस्तंभ म्हणे. वाटलं, बघू तर खरं, या दीपस्तंभानं शेवटचं पुस्तक तरी किती वाचलं. फळीवरून काढलं, पुसलं, उघडलं. लाल रेघा, पट्टीनं मारलेल्या, पहिल्या पानापासून. एकोणतीस, तीस, एकतीस. एकतिसाव्या पानाशी रेघा संपल्या. मरायला टेकलेल्या माणसानंही बत्तिसावं पान काही उघडलं नाही. मला हसू आलं आणि मग हसूही आलं नाही.

मी देठ कापायची विळी घेतली. पहिलं जोडपान कापलं. आत छापलं होतं, की सल्ला देण्याआधी समोरच्याला विचारावं, त्याला काय ठाऊक आहे, आणि मग गप्प बसून ऐकावं. त्याच ओळींवर शंभराची एक नोट चिकटून बसली होती. खालच्या उघड्या बाजूनं आत सरकवलेली. एकदम नवी, घडी न घातलेली.

पुढचं जोडपान कापलं. त्यातही एक. मी सावकाश कापत गेले, नोटेला पातं लागू नये म्हणून. समोर दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी मान वर केली नाही. त्यांनी चिठ्ठ्या वाचून आपापले हार उचलले, पैसे ठेवले आणि गेली.

दुसरं कुणी ते पुस्तक घेतलं असतं तर नोटा तशाच आत राहिल्या असत्या, आणि एक दिवस रद्दीत किलोच्या भावानं गेल्या असत्या. दाजींना हे माहीत होतं. आयुष्यात त्यांनी एवढ्या एका गिऱ्हाइकाची पारख बरोबर केली.

शेवटचं पान कापून झाल्यावर मी मोजल्या. तेरा. व्याजाचा एक पैसा नव्हता. तिसऱ्या पुस्तकात व्याजावर अख्खं प्रकरण आहे, पण ते चाळिसाव्या पानानंतर येतं. मी जुनी वही काढली, दाजींच्या नावाचं पान उघडलं आणि लिहिलं: तेराशे जमा. बाकी काही नाही.